सहा पेपर, पण विज्ञानाचा एकही नाही



मे महिन्यातल्या त्या आठवड्यात साताऱ्याहून आईचा फोन रोज येत होता. मुलगी इयर सिक्समध्ये, सॅट्स सुरू. सोमवारी व्याकरण आणि स्पेलिंगचे दोन पेपर, मंगळवारी वाचनाचा, बुधवारी गणिताचे दोन आणि गुरुवारी गणिताचा शेवटचा. गुरुवारी संध्याकाळी आईने विचारलं, "झाले का रे एकदाचे? आणि विज्ञानाचा कसा गेला?"

म्हटलं, "अगं आई, विज्ञानाचा पेपर नसतो इथे."

आई तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "नसतो म्हणजे? मग तिला विज्ञान येतं की नाही, हे तुम्हाला कळतं कसं?"

मला धड उत्तर देता आलं नाही. नंतर शोधत गेलो तेव्हा लक्षात आलं, की हा प्रश्न या देशाच्या शिक्षण खात्यालाही गेली पंधरा-सोळा वर्षं छळतो आहे. आजच्या कार्यक्रमात तेच सांगतो. ईलिंग, ग्रीनफर्ड, हॅनवेल, साउथॉल या भागांतल्या ज्या घरांत आठ ते सोळा वयाची मुलं आहेत, त्यांनी जरा कान देऊन ऐका. मी जे सांगतो आहे ते इंग्लंडबद्दल. स्कॉटलंड आणि वेल्सची व्यवस्था वेगळी आहे.

आधी हे सांगतो, की विज्ञानाचा पेपर इथे होता. १९८८च्या शिक्षण कायद्याने इंग्लंडमध्ये पहिल्यांदा राष्ट्रीय अभ्यासक्रम आला. इंग्रजी आणि गणिताच्या जोडीला विज्ञान हा तिसरा मुख्य विषय ठरला. त्याच्या मागोमाग सात, अकरा आणि चौदा या वयांना राष्ट्रीय मूल्यमापन आलं. १९९५ पासून अकरा वर्षांच्या मुलांची विज्ञानाची परीक्षा देशभर एकाच वेळी, एकाच प्रश्नपत्रिकेवर होऊ लागली. पेपर ए आणि पेपर बी असे दोन भाग असत. उत्तरपत्रिका शाळेबाहेरचे परीक्षक तपासत आणि निकाल शाळेच्या नावाने जाहीर होई.

निकालही चांगले लागत होते. २००९ मध्ये, म्हणजे शेवटच्या वर्षी, ८८ टक्के मुलांनी अपेक्षित पातळी गाठली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग बंद का केली? एक कारण अपघाती होतं. २००८च्या उन्हाळ्यात तपासणीचं कंत्राट ज्या अमेरिकन संस्थेकडे होतं, त्या ईटीएसचं वेळापत्रक पार कोलमडलं. निकाल लांबले, उत्तरपत्रिका गहाळ झाल्याच्या बातम्या आल्या, शाळांनी बोंब मारली. ऑगस्टमध्ये कंत्राट रद्द झालं आणि ऑक्टोबरमध्ये तेव्हाचे शिक्षणमंत्री एड बॉल्स यांनी चौदा वर्षांच्या मुलांच्या राष्ट्रीय परीक्षाच काढून टाकल्या. मी आयटीत आहे. एखादं सॉफ्टवेअर वेळेवर चाललं नाही म्हणून तो विभागच बंद करून टाकण्यासारखा हा प्रकार वाटतो. पण खरं सांगायचं तर त्या परीक्षांवर शिक्षक आधीपासूनच वैतागलेले होते, निमित्त हवं होतं ते मिळालं.

दुसरं कारण जास्त गंभीर होतं. २००९च्या मे महिन्यात तज्ज्ञांच्या एका समितीने अकरा वर्षांची विज्ञान परीक्षाही बंद करावी, अशी शिफारस केली. आक्षेप असा होता, की इयर सिक्सचे कितीतरी आठवडे जुन्या प्रश्नपत्रिका सोडवण्यात जातात. मुलं प्रयोग करत नाहीत. प्रयोगाबद्दलच्या प्रश्नाला कोणत्या शब्दांत उत्तर दिलं की गुण मिळतात, तेवढं मात्र शिकतात. आपल्याकडे अपेक्षित प्रश्नसंच आणि गाइडं पाठ करून बोर्डाला बसलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

इथे थोडं ईलिंगबद्दल. 'परीक्षेपुरतं विज्ञान' ही तक्रार या देशात सर्वांत आधी जोरात मांडणाऱ्या लोकांपैकी एक जण आपल्याच ईलिंगचा. टॉमस हेन्री हक्सली, डार्विनचा खंदा पाठीराखा म्हणून ज्याचं नाव आपण शाळेत ऐकलेलं असतं. त्याचा जन्म ४ मे १८२५ रोजी ईलिंगमध्ये झाला. वडील इथल्या ग्रेट ईलिंग स्कूलमध्ये गणित शिकवायचे, आणि हा तिथे जेमतेम दोन वर्षं गेला. पुढचं बरंचसं शिक्षण स्वतःच्या वाचनावर.

हक्सलीच्या काळात इंग्लंडमध्ये विज्ञानाची एक देशव्यापी परीक्षा होतीच. साउथ केन्सिंग्टनच्या 'सायन्स अँड आर्ट' खात्याने १८५९ नंतर ती सुरू केली. गावोगावच्या वर्गांमधले विद्यार्थी मे महिन्यात तीच प्रश्नपत्रिका सोडवत आणि जितके विद्यार्थी पास होतील, त्या हिशेबाने शिक्षकाला पैसे मिळत. ऐकायला बरं वाटतं. माझ्यासारख्या एमबीए केलेल्याला तर फारच बरं वाटतं, काम मोजा आणि मोजून पैसे द्या. हक्सली स्वतः त्या परीक्षेचा परीक्षक होता. हजारो उत्तरपत्रिका नजरेखालून गेल्यावर त्याला दिसलं, की जीवशास्त्र शिकवणाऱ्या कित्येक शिक्षकांनीच बेडूक कधी उघडून पाहिलेला नाही. पुस्तकातून पुस्तकात ज्ञान चाललं आहे. पास होण्यासाठी केलेला अभ्यास आणि समजण्यासाठी केलेला अभ्यास या वेगळ्या गोष्टी आहेत, असं तो सतत सांगत राहिला. पण परीक्षा बंद करा, असं म्हणून तो थांबला नाही. १८७१च्या उन्हाळ्यात त्याने शिक्षकांनाच साउथ केन्सिंग्टनला बोलावलं आणि सूक्ष्मदर्शक आणि चिमटे हातात देऊन प्रयोगशाळेत कामाला लावलं. पासनिहाय पैशांची ती पद्धत शतकाच्या अखेरीस मोडीत निघाली. प्रयोगशाळेत शिक्षक घडवण्याची पद्धत राहिली.

आता परत २००९ मध्ये येऊ. परीक्षा गेली, पण सरकारला देशाचं विज्ञान कसं चाललं आहे हे तर कळायला हवं होतं. त्यासाठी दोन वाटा काढल्या. पहिली म्हणजे शिक्षकांचं स्वतःचं मूल्यमापन. इयर सिक्सच्या शेवटी घरी जो रिपोर्ट येतो, त्यात वाचन आणि गणितापुढे ८० ते १२० मधला एक आकडा असतो. १०० म्हणजे अपेक्षित पातळी. विज्ञानापुढे आकडा नसतो. तिथे मूल अपेक्षित पातळीला 'पोहोचलं' किंवा 'पोहोचलं नाही' एवढंच असतं. फार पुढे आहे, काठावर आहे, अगदी मागे आहे, यातलं काही कळायला जागाच नाही. आमच्या घरी ती ओळ वाचून मी आनंदाने पान उलटलं होतं, हे कबूल करतो.

दुसरी वाट म्हणजे नमुना चाचणी. भात शिजला का पाहायला आपण सगळं पातेलं उपसत नाही, चार शितं दाबून पाहतो. तसं २०१४ पासून दर दोन वर्षांनी सुमारे १,९०० शाळा निवडल्या जात आणि प्रत्येक शाळेतली फक्त पाच मुलं. म्हणजे देशभरातून साधारण साडेनऊ हजार. या मुलांना जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्राचे पंचवीस-पंचवीस मिनिटांचे तीन छोटे पेपर. सगळ्यांचे प्रश्न सारखे नसत. वेगवेगळे संच वाटून अभ्यासक्रमाचा जास्तीत जास्त भाग तपासला जाई. कोणत्याही एका मुलाला किंवा शाळेला निकाल कळवला जात नसे, म्हणून कोणी तयारीही करून घेत नसे. मला ही रचना फार आवडते. ज्या तपासणीवर कोणाचं काही अवलंबून नाही, ती तपासणी खरं बोलण्याची शक्यता जास्त.

आणि ती जे बोलली, ते धक्कादायक होतं. २०१४ मध्ये अपेक्षित पातळीला पोहोचलेली मुलं अंदाजे २८ टक्के. २०१६ मध्ये २२ टक्के. २०१८ मध्ये २१ टक्के. त्याच २०१८ साली शिक्षकांच्या मूल्यमापनानुसार हा आकडा होता ८२ टक्के.

देश तोच, वर्ष तेच, इयर सिक्सचीच मुलं. एक मोजपट्टी म्हणते पाचातली चार पोहोचली, दुसरी म्हणते पाचातलं जेमतेम एक. २०२०ची फेरी कोविडमध्ये गेली.

आता यावर दोन टोकाचे निष्कर्ष काढता येतात आणि दोन्ही घाईचे आहेत. एक, शिक्षक खोटं बोलतात. तसं नाही. शिक्षक वर्षभर वर्गात काय झालं ते पाहून मत देतो. धडा शिकवला, मुलाने त्या आठवड्यात उत्तरं दिली, वहीत आकृती काढली, म्हणून पोहोचलं. चार महिन्यांनी तोच प्रश्न अचानक वेगळ्या रूपात समोर आला तर काय होईल, हे त्यात येत नाही. नमुना चाचणी नेमकं तेच पाहते. दुसरा घाईचा निष्कर्ष म्हणजे इंग्लंडचं विज्ञान बुडालं. टिम्स नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी १९९५ पासून दर चार वर्षांनी होते, तिच्यात ५०० हा मधला बिंदू धरतात. इंग्लंडच्या इयर फाइव्हच्या मुलांना विज्ञानात २०१९ मध्ये ५३७ आणि २०२३ मध्ये ५५६ गुण होते. हे उत्तमच आहेत. म्हणजे इतर देशांच्या तुलनेत मुलं चांगली, स्वतःच्या अभ्यासक्रमाच्या कडक मापाने कच्ची, आणि शाळेच्या रिपोर्टात बहुतेक सगळी पास. तिन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, कारण तिघांनी वेगवेगळं मोजलं. आणि २००९चे ८८ टक्के आठवा. ते मोजमाप तयारी करून घेतलेल्या मुलांचं होतं.

पालक म्हणून माझा प्रश्न साधा आहे. यातलं माझ्या मुलीबद्दल काय कळलं? उत्तर, फारसं काही नाही. चाचणीत निवडलेल्या पाच मुलांच्या पालकांनाही काही कळलं नसतं.

परीक्षा नाही म्हणून शाळांवर दडपण नाही, दडपण नाही म्हणून मुलं मोकळेपणी प्रयोग करतील, असा जो हिशेब होता, तो अर्धाच खरा ठरला. प्रयोगांना मोकळीक मिळाली, पण वेळापत्रकातली जागा आक्रसली. २०१७ साली वेलकम ट्रस्टच्या पाहणीत यूकेच्या प्राथमिक शाळांत विज्ञानाला आठवड्याला सरासरी दीड तासाहूनही कमी वेळ मिळतो, असं दिसलं. इयर सिक्समध्ये मे महिन्यापर्यंत इंग्रजी आणि गणित, विज्ञान शुक्रवारी दुपारी, आणि शुक्रवारी दुपारी असेंब्ली आली की तेही गेलं. शाळेचं मोजमाप ज्यावर होतं तिकडे शाळा वळते. यात कोणाचा दुष्टपणा नाही.

आणि आपण पालक काही वेगळे नाही. ईलिंग बरोमध्ये सरकारी ग्रामर स्कूल नाही, म्हणून आपल्यातले कित्येक जण इयर फोरपासून शनिवार-रविवार मुलांना घेऊन ट्यूशनला धावतात. स्लाऊ, किंग्स्टनची टिफिन, बार्नेटची क्वीन एलिझाबेथ्स. त्या इलेव्हन प्लसमध्ये काय असतं? इंग्रजी, गणित, शाब्दिक आणि अशाब्दिक तर्क. विज्ञान तिथेही नाही. ज्या मुलीला आम्ही दोन वर्षं कोडी सोडवायला बसवलं, तिने त्या काळात घरी विज्ञानाचं एक पुस्तक उघडलं नव्हतं, आणि तिला डॉक्टर करायची चर्चा मात्र जेवणाच्या टेबलावर नेमाने चालू होती.

इथून पुढचा भाग जास्त महत्त्वाचा, कारण सेकंडरी शाळेत ही शांतता आणखी लांबते. चौदा वर्षांची राष्ट्रीय परीक्षा २००८ मध्येच गेली, तेव्हा इयर सेव्हन, एट, नाइन या तीन वर्षांत बाहेरच्या कोणी तपासलेलं काही नाही. शाळेच्या आपापल्या चाचण्या असतात. काही शाळांत त्या उत्तम असतात, काहींत जेमतेम. म्हणजे विज्ञानात मुलाला बाहेरच्या परीक्षकाने दिलेला पहिला निकाल येतो तो वयाच्या सोळाव्या वर्षी, जीसीएसईला. आपल्याकडे दहावीच्या बोर्डाला जे महत्त्व, तेच. पण त्या आधी दोन निर्णय शाळेत होऊन गेलेले असतात आणि कित्येक आई-वडिलांना ते झाल्याचंच कळत नाही.

पहिला निर्णय बहुधा इयर नाइनच्या आसपास. कम्बाइन्ड सायन्स की ट्रिपल? कम्बाइन्डमध्ये तिन्ही शास्त्रं मिळून दोन जीसीएसई मिळतात, ट्रिपलमध्ये तिन्हींची तीन. एक्यूए या बोर्डाच्या कम्बाइन्ड ट्रिलॉजीत सहा पेपर, प्रत्येकी सव्वा तास, सत्तर गुण. ट्रिपलमध्येही सहाच, पण पावणेदोन तासांचे, शंभर गुणांचे, आणि अभ्यास जास्त. ट्रिपल नाही म्हणजे सायन्सचं दार बंद, असा आपल्या मंडळींत एक समज आहे, तो चुकीचा. चांगल्या ग्रेडचं कम्बाइन्ड घेऊन ए लेव्हलला फिजिक्स-केमिस्ट्री करणारी मुलं भरपूर असतात.

दार खरं बंद होतं ते दुसऱ्या निर्णयात, फाउंडेशन की हायर? एकाच विषयाच्या दोन पातळ्यांच्या वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका असतात. जीसीएसईच्या ग्रेड ९ ते १, नऊ सर्वांत वरची. कम्बाइन्डमध्ये त्या जोडीने येतात, ९-९ पासून १-१ पर्यंत. फाउंडेशनच्या पेपरात मुलाने प्रत्येक प्रश्न बरोबर सोडवला तरी त्याला ५-५ च्या वर ग्रेड मिळूच शकत नाही. ए लेव्हलच्या विज्ञान विषयांना कॉलेजं साधारण ६ किंवा ७ मागतात. बाकीचं गणित तुम्हीच करा. उलट हायरच्या पेपरात फारच कमी पडलं तर खालच्या ग्रेडचा आधार नाही, ग्रेडच मिळत नाही. म्हणून शाळा काठावरच्या मुलाला फाउंडेशनला घालते, आणि कधीकधी ते त्याच्या भल्याचंच असतं. कम्बाइन्डमध्ये सहाही पेपर एकाच पातळीचे द्यावे लागतात; ट्रिपलमध्ये विषयागणिक वेगळी पातळी चालते. शेवटची नोंदणी इयर इलेव्हनच्या फेब्रुवारीत होते, पण मूल कोणत्या सेटमध्ये बसलं आहे यावरून ते त्याआधीच वर्ष-दीड वर्ष ठरत आलेलं असतं.

एका ओळखीच्या कुटुंबात हे इयर इलेव्हनच्या जानेवारीत, मॉकचा निकाल हातात आल्यावर समजलं. मुलगा घरी रोज अभ्यास करत होता, वागणूक चांगली, शाळेची कधी तक्रार नाही. वडिलांना वाटत होतं 'फाउंडेशन' म्हणजे पाया पक्का करून घेत आहेत. शब्दाचा अर्थ लावायला ते चुकले नव्हते, व्यवस्था त्यांना कोणी सांगितली नव्हती. तोपर्यंत हायरचा जो भाग वर्गात शिकवलाच नव्हता, तो चार महिन्यांत भरून काढणं त्या मुलाला जमण्यासारखं नव्हतं.

ग्रेड ठरतात कशा, हेही थोडं सांगतो, कारण आपण पस्तीस टक्क्यांना पास या हिशेबावर वाढलेली माणसं. इथे किती गुणांना कोणती ग्रेड, हे पेपर तपासून झाल्यावर ठरतं. पेपर अवघड गेला तर सीमा खाली येते. उत्तरपत्रिका स्कॅन होऊन प्रश्नाप्रश्नाने वेगवेगळ्या परीक्षकांच्या पडद्यावर जातात, आणि त्यांत अधूनमधून आधीच तपासलेली उत्तरं गुपचूप पेरलेली असतात. परीक्षकाचे गुण तिथे जुळले नाहीत तर त्याला थांबवतात. सीमा ठरवताना ज्येष्ठ परीक्षक उत्तरपत्रिका पाहतात आणि सोबत आकडेवारीचा अंदाजही असतो, की या तुकडीला साधारण कशा ग्रेड अपेक्षित आहेत. त्या अंदाजाचा एक मोठा आधार कोणता, माहीत आहे? त्या मुलांचे इयर सिक्सचे इंग्रजी आणि गणिताचे गुण. विज्ञानाचे नाहीत, कारण ते नसतातच. शाळेची प्रगती मोजणारा 'प्रोग्रेस एट' हा आकडाही त्याच पायावर उभा आहे. कोविडमुळे २०२० आणि २०२१ची सॅट्स झाली नाहीत, तर २०२५ आणि २०२६ साठी प्रोग्रेस एट काढताच येत नाही, असं सरकारने जाहीर केलं. अकराव्या वर्षीचे सहा पेपर या व्यवस्थेत किती खोल रुतून बसले आहेत, ते त्यावरून दिसतं.

आता प्रयोगांकडे. आपल्याकडे दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे दोन भाग, प्रत्येकी ४० गुणांचे, आणि प्रयोगाचे २० गुण शाळेच्या हातात. आमच्या वेळी जर्नल पूर्ण करून बाईंची सही घेण्याची धांदल असायची. प्रयोग झाला नसला तरी जर्नल झालेलं असायचं, हेही खरं. इथे जीसीएसईला प्रयोगाचे वेगळे गुणच नाहीत. त्याऐवजी ठरावीक प्रयोग सगळ्यांनी करायचे, ट्रिलॉजीत असे २१ आहेत. बटाट्याच्या फोडी वेगवेगळ्या तीव्रतेच्या द्रावणात ठेवून वजन करणं, मोरचुदाचे स्फटिक बनवणं, तारेची लांबी बदलून रोध मोजणं, असे. आणि लेखी पेपरातले किमान १५ टक्के गुण या प्रयोगांवरच्या प्रश्नांना. प्रश्न असा येतो, की एका मुलीने असं असं केलं, तिचं हे तिसरं वाचन बाकीच्यांशी का जुळत नाही, आणि तिने काय बदलायला हवं होतं? ज्याने स्वतःच्या हाताने बटाटा कापून, पुसायला विसरून, वजन चुकवलेलं आहे, त्याला हे एका मिनिटात सुचतं. नुसतं वाचलेला मुलगा 'मानवी चूक' असं लिहितो आणि गुण घालवतो.

महाराष्ट्रात आईच्या प्रश्नाला एक उत्तर होतं. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा, मुंबईच्या विज्ञान अध्यापकांच्या मंडळाने १९८१ पासून चालवलेली, सहावी आणि नववीसाठी. आधी लेखी, त्यातून निवडलेल्यांची प्रात्यक्षिक, मग स्वतः केलेला प्रकल्प आणि मुलाखत. मी सहावीत लेखीतच गळालो, ते सोडा. पण हाताने काम केल्याशिवाय विज्ञानाचं पदक मिळत नाही, ही कल्पना त्या स्पर्धेने कित्येक घरांत रुजवली. अर्थात ती हौशी आणि तयारी करणाऱ्या मुलांची स्पर्धा आहे, सगळ्या राज्याचं मोजमाप नव्हे. ते मोजमाप आता तिकडेही नमुना पद्धतीने होतं. २०१७ आणि २०२१च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात आठवीच्या मुलांना विज्ञानाचे प्रश्न होते. तिथेही निकाल जिल्ह्याचा कळतो, आपल्या बाळ्याचा नाही.

मग इथे करायचं काय? परीक्षा परत आणा, असं मला वाटत नाही. पुन्हा त्याच जुन्या प्रश्नपत्रिका आणि तीच घोकंपट्टी येईल, हक्सलीच्या मेपासून ते २००९च्या मेपर्यंत तेच झालं. पण पालकाला पाच वर्षं काहीच न सांगणं हेही बरोबर नाही. इयर एट किंवा नाइनमध्ये एखादी छोटी, जिचा शाळेच्या क्रमवारीशी संबंध नाही आणि जिचा निकाल फक्त घरी कळतो अशी चाचणी असावी, असं माझं मत. ती येईपर्यंत पेरेंट्स ईव्हनिंगच्या त्या पाच मिनिटांत 'कसा आहे हो अभ्यास?' असं विचारू नका. त्याला 'छान आहे' हेच उत्तर मिळतं. विज्ञानाच्या शिक्षकांना विचारा, शाळा कोणतं बोर्ड घेते, एक्यूए, एडेक्सेल की ओसीआर? हा सेट पुढे हायरला जातो का? सेट बदलायची शेवटची संधी कधी? आणि मागच्या चाचणीत गुण गेले ते माहितीच्या प्रश्नांत, गणितात, की प्रयोगाच्या प्रश्नांत? शिक्षकांना असं विचारलेलं आवडतं, हा माझा अनुभव आहे.

प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी २००९पर्यंतच्या जुन्या प्रश्नपत्रिका इंटरनेटवर अजून सापडतात. २०१४ पासून अभ्यासक्रम बदलला आहे, उत्क्रांती आणि अनुवंश इयर सिक्समध्ये आले आहेत, तरी प्रयोगावरचे प्रश्न आजही उपयोगी आहेत. दहा-वीस प्रश्न पुरेत, शंभर नकोत.

त्या गुरुवारी आईशी बोलून झाल्यावर मी मुलीला स्वयंपाकघरात बोलावलं. दोन सारखे कप, सारखाच चहा ओतला. एकावर बशी झाकली, दुसरा उघडा. जेवणाचा थर्मामीटर तिच्या हातात दिला आणि विचारलं, "कोणता आधी गार होईल, आणि हे तपासायला तू काय काय सारखं ठेवशील?" पहिलं तिने पटकन सांगितलं. दुसऱ्यावर ती अडली. "सारखं म्हणजे?" म्हणाली. शाळेच्या रिपोर्टात ती 'पोहोचलेली' होती.

आम्ही तीन वेळा केलं. दुसऱ्या वेळी एका कपात चहा कमी पडला होता, तो तिनेच पकडला. चौथ्या वेळेपर्यंत दूध संपलं होतं.